उंदीर कोणी आणले?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी इतिहास शिकवत. 'कोणी केलं' एवढं लिहिणाऱ्याला ते निम्मेच गुण देत आणि उरलेले निम्मे 'कशाच्या जोरावर केलं' यासाठी राखून ठेवत, असं त्यांचे इथे बसलेले विद्यार्थी सांगतात. तोच दंडक घेऊन मी आज एका व्हिडिओ गेमकडे जाणार आहे. विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या काहींनी घड्याळाकडे पाहिलं, ते मला दिसलं. थोडा धीर धरा. थोड्या वेळाने प्लेग येणार आहे आणि त्याची ओळख मागच्या बाकांपेक्षा पुढच्या रांगेला अधिक असेल.

गेमचं नाव 'डिसऑनर्ड'. फ्रान्समधल्या लियाँ शहरात स्थापन झालेल्या आर्केन स्टुडिओजने तो २०१२ साली आणला. राफाएल कोलांटोनियो आणि हार्वे स्मिथ हे त्याचे दिग्दर्शक. गोष्ट १६६६ च्या लंडनमध्ये घडवावी असा आधी विचार होता. पुढे लंडन आणि एडिंबरा यांच्या मातीतून त्यांनी डनवॉल नावाचं कल्पित शहर उभं केलं. नदीकाठी धुरकटलेल्या विटांच्या इमारती, वर उमरावांच्या हवेल्या, खाली चिखल. सम्राज्ञीचा खून होतो आणि आळ तिच्याच अंगरक्षकावर, कॉर्व्होवर येतो. गुप्तहेर खात्याचा प्रमुख हायरम बरोज 'लॉर्ड रीजंट' म्हणून गादीचा कारभार बळकावतो. शहरात उंदरांची साथ पसरलेली आहे. खेळणारा कॉर्व्हो होऊन सूड उगवायला निघतो. जादूटोणा, शापित हाडं, काळ्या डोळ्यांचं एक दैवत हा सगळा मसाला आहेच. त्यात मी शिरत नाही. मला धरून ठेवतो तो या शहराचा जमाखर्च.

हे शहर देवमाशाच्या तेलावर चालतं. दिवे, भोंगे, पहारे, सगळं. एका नाक्यावर 'वॉल ऑफ लाइट' नावाची प्रकाशाची भिंत असते. ज्याला परवानगी नाही असा माणूस तिच्यातून गेला तर जागच्या जागी राख होतो. शेजारी भिंतीत एक खाच आणि खाचेत निळसर उजेडाची तेलाची टाकी. ती उपसून काढली की भिंत विझते. खेळणाऱ्याला हे पहिल्या तासाभरात कळतं: पहारेकऱ्याशी लढण्यापेक्षा टाकी शोधावी. राज्यशास्त्राच्या पुस्तकात सत्ता आणि इंधन यांचं नातं समजावायला प्रकरण खर्ची पडतं, इथे ते बोटांनाच समजतं.

तेलाची ही गोष्ट हवेतून आलेली नाही. अठराव्या शतकातल्या लंडनच्या रस्त्यांवर देवमाशाच्या तेलाचे दिवे जळत होते. स्पर्म व्हेलच्या डोक्यातून निघणाऱ्या स्पर्मासेटी नावाच्या मेणासारख्या पदार्थाच्या मेणबत्त्या सर्वांत स्वच्छ जळत. ब्रिटनने १८६० साली गॅसच्या दिव्यांचा उजेड मोजण्यासाठी कायद्याने जे माप ठरवलं ते याच मेणबत्तीचं. समुद्राच्या पलीकडे अमेरिकेत नँटकेट आणि न्यू बेडफर्ड ही बंदरं या धंद्यावर गबर झाली. १८४० च्या दशकात अमेरिकेची सातशेहून अधिक जहाजं देवमाशांच्या मागे होती. हर्मन मेल्व्हिल १८४१ च्या जानेवारीत 'अकुश्नेट' या अशाच जहाजावरून निघाला आणि दहा वर्षांनी त्याचं 'मॉबी-डिक' आलं.

जहाजावर चालायचं काय? मारलेला मासा जहाजाच्या कुशीला बांधायचा, चरबीचे लांब पट्टे सोलून वर ओढायचे. डोक्यातलं स्पर्मासेटी बादल्यांनी उपसायचं. डेकवर विटांची भट्टी, तिच्यात लोखंडी कढया. पहिली आग लाकडावर पेटवायची आणि नंतर तेल निघून गेलेला चरबीचा चोथाच भट्टीत टाकायचा. म्हणजे माशाला माशावरच कढवायचं. काम रात्रंदिवस चाले, काजळीने शिडं काळी पडत. सफर तीन-तीन, चार-चार वर्षांची असे.

आणि पगार? पगार नसेच. हिस्सा असे. कप्तानाला दहा-पंधरा भागांतला एक, तर नवशिक्या पोराला दीडशे-दोनशे भागांतला एक. त्यातून निघताना दिलेली उचल व्याजासकट कापायची. सफरीत जहाजावरच्या पेटाऱ्यातून घेतलेले कपडे आणि तंबाखू चढ्या भावाने कापायचे. चार वर्षांनी बंदरात उतरलेला माणूस कधी कधी मालकाचंच देणं लागत असे. आपल्याकडच्या ऊसतोडणीची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा हिशेब पुन्हा समजावून सांगायला नको.

याच न्यू बेडफर्डमध्ये लुईस टेंपल नावाचा कृष्णवर्णीय लोहार होता. मांसात शिरल्यावर आडवं वळून अडकून बसणारं हार्पूनचं टोक त्याने १८४८ च्या सुमारास बनवलं. भाला निसटून मासा पळण्याचं प्रमाण त्याने एकदम खाली आणलं. टेंपलने पेटंट घेतलं नाही. सगळ्या धंद्याने ते टोक उचललं, मालक पैसेवाले झाले आणि लोहार १८५४ साली गरिबीतच गेला.

गेममध्ये हे कामगार फारसे दिसत नाहीत, ही माझी त्याच्यावरची पहिली तक्रार आहे. २०१३ साली आलेल्या 'नाइफ ऑफ डनवॉल' या पुरवणीभागात मात्र एक कत्तलखाना आहे. देवमासा आकड्यांना जिवंत टांगलेला, त्याचा आवाज इमारतभर घुमतो, आणि करवती घेतलेले खाटीक आपापल्या पाळीवर. मालकाने संपाची चिथावणी देणारी एक बाई डांबून ठेवली आहे. एवढ्या एका इमारतीत मुख्य गेमपेक्षा अधिक समाजशास्त्र आहे, असं माझं मत.

आता तेलाचा एक धागा आपल्या बाजूला येतो. स्कॉटलंडमध्ये डंडी नावाचं बंदर आहे. तिथून उत्तर ध्रुवाकडे देवमाशांच्या शिकारीची जहाजं जात. त्याच गावात तागाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. बंगालचा ताग कोरडा आणि ठिसूळ, यंत्रावर धरला की तुटायचा. १८३० च्या दशकात युक्ती सापडली: देवमाशाचं तेल आणि पाणी यांत ताग मुरवायचा, म्हणजे तो कातता येतो. गिरण्यांत कामाला बहुतेक बाया आणि पोरं, कारण त्यांची मजुरी कमी. बंगालचा शेतकरी, आर्क्टिकमधला मासा आणि डंडीची गिरणकरीण एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण जगभरच्या धान्याच्या आणि कापसाच्या बारदानात तिघेही विणले गेले. डनवॉल हे बेटांच्या साम्राज्याचं राजधानीचं शहर आहे, आणि साम्राज्य म्हणजे काय हे मला तिथल्या राजवाड्यापेक्षा डंडीच्या या गोणपाटात जास्त स्पष्ट दिसतं.

एक लोकप्रिय समज इथे बाजूला केला पाहिजे. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला एडविन ड्रेकने तेलाची विहीर खणली, रॉकेल स्वस्त झालं आणि खनिज तेलाने देवमासे वाचवले, असं सर्रास सांगितलं जातं. दिव्यांपुरतं ते खरं आहे, माशांपुरतं साफ चूक. स्वेन फॉइन या नॉर्वेजियन माणसाने स्फोटक हार्पूनची तोफ सिद्ध केली आणि यंत्रावर चालणारी जहाजं आली. म्हणजे खनिज इंधनाच्या जोरावरच शिकार अनेक पटींनी वाढली. तेल आता साबणात, मार्गारिनमध्ये आणि स्फोटकांसाठी लागणाऱ्या ग्लिसरिनमध्ये जाऊ लागलं. १९३०-३१ च्या एका हंगामात २९,००० हून अधिक निळे देवमासे मारले गेले. विसाव्या शतकातल्या शिकारीचा एकूण अंदाज २९ लाखांच्या घरात जातो. व्यापारी शिकारीवरची आंतरराष्ट्रीय बंदी ठरली १९८२ साली आणि लागू झाली १९८६ मध्ये. डनवॉलमध्ये तेल आटत चाललं आहे अशी कुजबुज ऐकू येते, आणि २०१६ साली आलेल्या दुसऱ्या भागातलं कर्नाका शहर पवनचक्क्यांवर चालतं. गेमच्या कर्त्यांनी निदान एक भोळेपणा टाळला आहे: पवनचक्क्या आल्या म्हणून तिथल्या चांदीच्या खाणीतली धूळ कामगारांच्या घरात शिरायची थांबत नाही.

चांदीवर दोनच वाक्यं. स्पेनने आज बोलिव्हियात असलेल्या पोतोसीच्या डोंगरात 'मिता' नावाच्या सक्तीच्या पाळीने गावोगावचे पुरुष राबवले, आणि ती चांदी फिरत फिरत सुरतेच्या टांकसाळीत येऊन मुघली रुपया झाली. पहिल्या गेममध्ये पेंडल्टन या खाणमालक जुळ्या भावांना न मारता संपवायचं असेल तर त्यांची डोकी भादरून, जिभा कापून त्यांना त्यांच्याच खाणीत राबायला पाठवलं जातं. खेळणारा खूश होतो, खाण चालूच राहते.

आता प्लेग.

१६६५ च्या लंडनमध्ये घरात रोगी निघाला की दारावर तांबडी फुली मारत, खाली देवाच्या दयेची याचना लिहीत आणि निरोगी माणसांसकट सगळ्या घराला चाळीस दिवस कुलूप ठोकत. बाहेर दिवसाचा एक आणि रात्रीचा एक पहारेकरी. मेलेल्यांना कोणता रोग होता हे ठरवायला म्हाताऱ्या, कंगाल बायका नेमलेल्या असत. चार पैसे दिले की त्या रोगाचं नाव बदलत, कारण घर बंद होण्यापेक्षा ते परवडे. मृत्यूंचे साप्ताहिक तक्ते छापून विकले जात. त्यांत त्या वर्षीचे प्लेगचे बळी ६८,००० हून अधिक भरतात, खरा आकडा मोठाच असणार. राजा दुसरा चार्ल्स दरबारासह आधी सॉल्सबरीला आणि मग ऑक्सफर्डला गेला. पैसेवाले गेले, त्यांच्यामागे बरेच वैद्यही गेले. महापौर लॉरेन्स शहरात राहिला. कुत्री-मांजरं रोग पसरवतात म्हणून ती मारून टाकण्याचा हुकूम निघाला. उंदरांचं फावलं.

डनवॉलमध्ये हे सगळं ओळखीचं आहे. फळ्या ठोकलेली घरं. रेल्वेच्या वाघिणींतून नेऊन बुडालेल्या वस्तीत ओतली जाणारी प्रेतं. ती बुडालेली वस्ती म्हणजे एके काळचा शहराचा पेढ्यांचा भाग, हा गेमवाल्यांचा खवचटपणा मला फार आवडतो. राजवैद्य सोकोलोव्हचा अर्क ज्याला परवडतो तो वाचतो. बॉटल स्ट्रीटवर एका जुन्या दारूभट्टीत स्लॅकजॉ नावाचा दादा तोच अर्क गाळून गरिबांना विकतो. सरकारी औषध बाजारात दिसत नाही तेव्हा दादाच सार्वजनिक आरोग्य खातं होतो.

पण गेममधला मोठा गौप्यस्फोट असा, की उंदीर आपोआप आलेले नसतात. बरोजने ते दूरच्या खंडातून मुद्दाम आणवलेले असतात. शहरातलं दारिद्र्य संपवायचा उपाय म्हणून, म्हणजे दरिद्री माणसंच संपवून. पुढे साथ त्याच्या हाताबाहेर जाते. इथे मी गेमपासून वेगळा होतो. गुरुजी असते तर बरोजचं नाव लिहिणाऱ्याला त्यांनी निम्मेच गुण दिले असते.

मुंबईत उंदीर कोणी आणले? १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग होता. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत रोग ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून धान्याची गोदामं. रोग कोणत्या जहाजातून उतरला हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण तो व्यापाराच्या वाटेने आला एवढं उघड आहे. सरकार सुरुवातीला चाचरत होतं. मग युरोपातल्या बंदरांनी मुंबईचा माल अडवण्याची भाषा सुरू केली. १८९७ च्या फेब्रुवारीत हिंदुस्थानात साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि त्याच महिन्यात व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. उंदीर व्यापाराने आणले आणि घरझडतीचे शिपाईही व्यापाराच्या धास्तीनेच आले. मध्ये एकही बरोज लागला नाही.

मुंबईत घरांवर तांबड्या फुलीऐवजी इंग्रजी अक्षरं रंगवली गेली: 'यूएचएच', राहण्यास अयोग्य. चाळींची कौलं उतरवून ऊन आत घेण्याचे प्रयोग झाले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, असं लोकांना वाटत होतं. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे शिपाई माजघरापर्यंत शिरले. सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

डनवॉलमध्ये साथीच्या ऐन भरात लेडी बॉइलच्या हवेलीत मुखवट्यांची मेजवानी असते, आणि तिथे मारेकरी येतो. आपल्याकडे २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या राजभवनात व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांचा समारंभ झाला. तिथून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी आणि लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकरांनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. गेममध्ये एक नियम आहे. तुम्ही जितके खून कराल तितके उंदीर वाढतात आणि शहर अंधारतं. नीतीचा हा हिशेब इतिहासाला लागू पडत नाही. पुण्यात खुनानंतर जादा पोलीस बसले, टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि प्लेग शरद ऋतूत अधिक जोराने परतला. पण तो खुनामुळे परतला नाही आणि खुनामुळे थांबलाही नसता. रँडच्या जागी दुसरा अधिकारी आला. पिसवांना दोघांचीही ओळख नव्हती.

पिसवांचं सांगायलाच हवं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने जून १८९८ मध्ये कराचीत एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या भांड्यात प्लेगने आजारी, पिसवा असलेला उंदीर. तो मरणाच्या दारात असताना शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसू उडी मारू शकेल एवढं अंतर. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. सिमाँवर बरीच वर्षं कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत संशोधन आयोगाने त्याचं म्हणणं पक्कं केलं. तोवर सरकार कार्बोलिकने भिंती धूत होतं, कपडे जाळत होतं आणि माणसं छावण्यांत कोंडत होतं. आपल्या खेड्यांतल्या लोकांनी मात्र 'उंदीर पडले' की घर सोडायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं, हे कोणत्याही आयोगाशिवाय ठरवलं होतं. कारण माहीत नव्हतं, उपाय बरोबर होता.

गेमच्या शेवटाकडे बरोजचा कबुलीजबाब सापडतो. त्याच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलेला. खेळणाऱ्याची इच्छा असेल तर तो शहरभरच्या भोंग्यांवरून वाजवता येतो. बरोजला अटक होते आणि खेळणारा समाधानाने उसासा टाकतो. मुंबईत असा कबुलीजबाब चोरावा लागत नाही. १८९८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे वार्षिक अहवाल छापलेले आहेत. समुद्राची हवा शहरात आत यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड आखले गेले, दाट वस्त्या पाडल्या गेल्या. ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. बेघर झालेले लोक शेजारच्या चाळींत दाटीने घुसले, कारण कामाच्या जागेपासून लांब जाणं परवडत नव्हतं. रुंद झालेल्या रस्त्याच्या कडेचे भूखंड चढ्या भाड्याने गेले. हे सारं कोणी लपवलं नाही, लपवण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटलंही नाही. सह्या करणारे बहुतेक सज्जन होते, हिशेब तपासलेले होते.

त्यांनी उशिरा बांधलेल्या चाळींना लोक आजही बीआयटी चाळी म्हणतात. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. आंबेडकर वीस-बावीस वर्षं राहिले. ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला. त्या चाळींपैकी काही अजून वापरात आहेत आणि त्यांच्या पुनर्विकासाच्या फायली महापालिकेत आहेत. मागच्या बाकांवरच्या ज्यांना गेम बनवायचे आहेत त्यांनी एकदा त्या फायली मागवून पाहाव्यात. खलनायक सापडला नाही तर मला कळवू नका, गेममध्ये तो नसतानाच काय काय करता येईल ते कळवा.